कणगीपलीकडची कबड्डी

अच्छाडच्या नाक्यावर दक्षाच्या वडिलांची पंक्चरची टपरी होती. शाळा सुटली की ती तिथे हवेचा पाइप धरून उभी राहायची. ट्रकवाल्यांशी घासाघीस गुजरातीत, दम हिंदीत आणि शेवटचा शब्द मराठीत, अशी तिन्ही भाषांची वाटणी तिने दहावीच्या आतच करून टाकली होती. पुढे ती बी.ए. झाली, लग्न होऊन रानशेतला आली, मोठ्यांसमोर आवाज खाली ठेवायला शिकली. शेवटचा शब्द सोडायला मात्र काही शिकली नाही. तिची सासू बायजी शेजारणींना सांगायची, "धाकटी सून गुणाची आहे हो. फक्त तिला 'नाही' म्हणायचं नाही."

तिचा मुलगा मनिष जन्मला तेव्हा लगेच रडला नाही. मग रडला, पण तेवढ्या वेळात काहीतरी कायमचं हातचं गेलं. मान उशिरा धरली, पाय कधी धरलेच नाहीत. बोलणं आलं, पण एकेक शब्द खोल विहिरीतून कळशी ओढावी तसा. विवळवेढ्याला महालक्ष्मीचे नवस झाले, भगत झाले, वलसाडपासून मुंबईपर्यंत दवाखाने झाले. शाळेत घालायची वेळ आली तेव्हा गुरुजी म्हणाले, "बाई, याला इथे सांभाळणार कोण?" दक्षा म्हणाली, "मी." आणि चौथीपर्यंत मागच्या बाकावर बसून राहिली. पोरं तिला 'मोठी विद्यार्थिनी' म्हणायची. मनिष दहावी झाला तेव्हा तिने पेढे वाटले ते आधी त्या गुरुजींच्या घरी.

मनिषचं वेड एकच, कबड्डी. भातकापणी झाली की पाड्यातली पोरं मोकळ्या खाचरात चुन्याच्या रेघा मारून खेळायची, आणि रेघेला लागून मनिषची चाकाची खुर्ची असायची. तो पंच. कुणाचा पाय रेघेबाहेर गेला की त्याच्या घशातून एकच मोठी आरोळी निघायची, "पाय!" त्यावर कुणी हुज्जत घालत नसे. इतर पंचांना भाऊ असतात, साडू असतात, कुणाकडून ट्रॅक्टर मागायचा असतो. मनिषला यातलं काही नव्हतं. शेजारचा लडक्या, जो स्वतः सगळ्यात जास्त वेळा बाद व्हायचा, म्हणायचा, "तुझ्या आयला मनिष, तुला पाय नाहीत आणि आमचेच पाय बघत बसतोस!" मनिष यावर इतका हसायचा की खुर्ची हलायची.

मग दक्षाच्या थोरल्या दिरांनी, दिपकदादांनी, जुन्या कुडाच्या घराला लागून पुढे स्लॅबचा हॉल बांधला. हॉलमध्ये भिंतीएवढा टीव्ही आला आणि त्याच्याखाली रेकॉर्डिंगवाला डबा. कबड्डीच्या लीगचे दिवस आले की संध्याकाळी अर्धा पाडा चटया घेऊन तिथे यायचा. सगळ्यांच्या पुढे मनिषची खुर्ची. मैदानावर पंच शिट्टी वाजवायचा त्याआधी हॉलमध्ये "पाय!" झालेलं असायचं. चुकलं तर सगळे त्याच्यावर तुटून पडायचे, बरोबर आलं तर टाळी द्यायचे. त्याचा हात टाळीला पोचेपर्यंत थांबायचेसुद्धा.

हे सगळं चैत्रात मोडलं. महालक्ष्मीच्या यात्रेहून परत जाताना काही पाहुणे दादांच्या मुलीला, निलमला, बघायला आले. घरात नवी माणसं बघून मनिष खुलला. "या... बसा," असं म्हणायचं होतं त्याला, पण खुशीत आवाज फुटला आणि हात उडाला तो सरबताच्या ट्रेवर. सगळं सरबत मुलाच्या आईच्या मांडीवर. बाई उठली ती बसलीच नाही. "कळवतो" म्हणून गेले आणि त्यांनी कळवलं नाही.

मनिषला कुणी एक शब्द बोललं नाही. दुसऱ्या दिवशी दक्षा विहिरीवरून आली तर त्याची खाट, खुर्ची, कपड्यांची पिशवी, सगळं मागच्या कुडाच्या खोलीत लावलेलं होतं. तिथे वारा चांगला येतो, असं दादा म्हणाले. "आतापुरतं गं."

तिचा नवरा नितीन उंबरगावला कंपनीत शिफ्टला जायचा. भावापुढे बोलायची त्याची शामत नव्हती. "निलमचं एकदा जमू दे," तो म्हणाला, "मग बोलू." दक्षालाही निलम पोटच्या पोरीसारखीच होती. ती गप्प बसली. आतापुरतं म्हणता म्हणता सगळा पावसाळा गेला.

लीग सुरू झाली. हॉल पुन्हा भरायला लागला. मागच्या खोलीत मनिष भिंतीकडे कान करून पडून राहायचा आणि दर आरोळीला विचारायचा, "किती?" दक्षा चुलीवरून उठून हॉलच्या दारापर्यंत जायची, आकडा बघायची, परत येऊन सांगायची. ती येईपर्यंत पुढची आरोळी झालेली असायची. "किती?" एकदा तव्यावर भाकरी होती म्हणून ती गेली नाही. मनिषने तिसऱ्यांदा विचारलं आणि मग विचारणंच सोडलं. तो पोरगा सहसा रडत नसे. त्या दिवशी त्याने तोंड भिंतीकडे केलं ते जेवायलाही वळवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दक्षाने टीव्हीखालच्या खणातून डब्याची पुस्तिका काढली. ज्या पानांकडे घरात कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं ती पानं तिने अंगणात बसून वाचली. तिथे लिहिलं होतं की हा डबा घरातल्या घरात दुसऱ्या पडद्यावरही चित्र पाठवू शकतो. रेकॉर्ड केलेलंही आणि चालू असलेलंही. डबा राऊटरला जोडायचा, टॅबवर कंपनीचं अ‍ॅप टाकायचं, दोघांची ओळख करून द्यायची.

डहाणूच्या दुकानदाराने तिला वेड्यात काढलं. "पण बेन, तुमच्या रानशेतला नेट तो चालतं नाय. नेट नाय तो राऊटर शुं कामनो?"

"नेट बाहेरून आणायचंच नाही. घरातलं घरात फिरवायचंय. तुमच्या घरात बायको तुम्हाला चहाला हाक मारते, ती काय मुंबईवरून फिरून येते?"

दुकानदार हसला आणि त्याने राऊटर आणि तार काढून दिली.

घरी तिला वाटलं होतं की दादा डब्याला हात लावू देणार नाहीत. झालं उलटंच. दादांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि दोन दिवसांनी स्वतःहून टॅब आणून दिला. चांगला, मोठ्या पडद्याचा. "पोराला कशाला कमी?" ते म्हणाले. त्यांची बायको संगीता तर दक्षाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "बरं केलंस बाई. आता त्याचं त्याला, आपलं आपल्याला." दक्षा कृतज्ञतेने इतकी भरून आली होती की हे वाक्य तिच्या कानात शिरलं, पण आत पोचायला त्याला महिना लागला.

जोडणी तिने एकटीने केली. डब्याच्या पाठीमागच्या खाचेत तार टच् करून बसली, टीव्हीवर 'होम नेटवर्क' उघडलं, तिथे आलेला आकडा टॅबवर टाकला. टॅबने गोल गोल विचार केला आणि मग त्या कुडाच्या खोलीत, शेणाने सारवलेल्या भिंतीसमोर, निळं मैदान उघडलं. मनिष किंचाळला. बायजी धावत आली, तिला वाटलं साप निघाला.

कार्तिकात भात घरात आलं आणि चित्र बिघडलं. आधी चौकोन चौकोन पडायला लागले, मग खेळाडू पाय उचललेल्या अवस्थेत गोठायला लागले, मग पडदा काळाच. दक्षाने सगळं काढून परत जोडलं. कंपनीला फोन लावायचा तर टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत चढावं लागे, रेंज फक्त तिथे. चढली. फोनवरच्या पोराने बंद करून चालू करायला सांगितलं. तेही केलं. शेवटी ती टॅब हातात घेऊन घरभर फिरली. अंगणात चित्र ठीक. माजघराच्या दारात ठीक. कणगीच्या अलीकडे ठीक. कणगीच्या पलीकडे गेली की काळं.

कणगी म्हणजे माणसाहून उंच, बांबूची विणलेली, शेणमातीने लिंपलेली भाताची कोठी. हॉल आणि मागची खोली यांच्या बरोबर मधोमध. जोडणी केली तेव्हा ती तळाला गेलेली होती. आता गळ्यापर्यंत भरली होती.

"भात अडवतंय," दक्षा म्हणाली.

"भातात काय भूत बसलंय?" बायजी म्हणाली.

"भूत नाही, पण एवढा दाट ढीग ओलांडून लाटा जात नाहीत. कणगी जरा सरकवली तर—"

"भरली कणगी सरकवायची?" बायजीने कमरेवर हात ठेवले. "तिची पूजा झालीय. भरली कणगी आणि भरल्या पोटाची बाय, दोघींना जागचं हलवायचं नाही. तुझी लाट तू वळव."

हा शेवटचा शब्द दक्षाने बायजीला देऊन टाकला, कारण तो बरोबर होता. तिने लांब तार आणली, उंदरांनी कुरतडू नये म्हणून ती पाइपमधून ओवली, आढ्यावरून फिरवली, कुडाच्या भिंतीत सळईने भोक पाडलं आणि मागच्या खोलीत पंचायतीच्या भंगारातून मागून आणलेला एक जुना राऊटर बसवला. मग मनिषच्या पडद्यावर चित्र असं आलं की खेळाडूच्या दंडावरचा घाम दिसावा. दादांनी येऊन बघितलं. "वा! आता कुणाची अडचण नाही," ते म्हणाले.

तीन-चार सामने मनिष मजेत होता. मग त्याचं "पाय!" ऐकू येईना. दक्षाने डोकावून पाहिलं तर तो पडद्याकडे बघत होता, पण जसं कुणी बसच्या खिडकीतून बघावं तसं.

"काय झालं रे?"

"थांब," मनिष म्हणाला. पडद्यावर चढाईपटू अजून मधल्या रेषेवर होता. एवढ्यात कणगीपलीकडून, हॉलमधून, एकदम आरोळी उठली. टाळ्या. लडक्याची शिट्टी. मनिषने बोट वर केलं. "आता... बघ. पकडणार... त्याला." आणि थोड्या वेळाने पडद्यावर चार जणांनी त्या चढाईपटूला उचलून आपटलं.

दक्षाने एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा हॉलच्या दिशेने.

"मला... आधीच कळतं," मनिष म्हणाला. "ते ओरडतात... मग इथे होतं. शिळं... येतं हे, आई."

ती टाकीपर्यंत चढली. फोनवरचा पोरगा या वेळी समजूतदार होता. "मॅडम, चित्र आधी डब्यात येतं, तिथून राऊटरमध्ये, तिथून दुसऱ्या राऊटरमध्ये, मग टॅबमध्ये. प्रत्येक ठिकाणी जरा साठवतात. थोडं मागे राहणारच. यात काही बिघाड नाही."

"बिघाड नाही?"

"नाही मॅडम. सिस्टीम अशीच आहे."

रात्री जेवताना तिने हे सांगितलं तेव्हा दादांनी लगेच तोड काढली. "हेडफोन लाव त्याला. आणि मधलं दार ओढून घेत जा. हॉलचा आवाजच गेला नाही की आधी काय नि मागे काय, त्याला कळणारच नाही."

संगीताने मान डोलावली. नितीनने ताटात बघितलं. आणि महिनाभर कानात अडकलेलं ते वाक्य दक्षाच्या आत पोचलं. त्याचं त्याला, आपलं आपल्याला. तार तिने ओढली होती. भोक तिने पाडलं होतं. पोराला मागच्या खोलीत कायमचं बसवायला जी काही सोय लागत होती, ती सगळी तिने स्वतःच्या हाताने करून दिली होती, आणि वर दादांचे आभार मानले होते.

अंतिम सामन्याच्या दिवशीच निलमसाठी तलासरीचे पाहुणे आले. मुलाचे आईवडील, जिव्याभाऊ आणि भारतीबाई. बोलणी चांगली झाली, सुपारी कधी फोडायची इथपर्यंत आली. जिव्याभाऊ कबड्डीचे शौकीन निघाले. सामना बघूनच निघू म्हणाले. पाड्यातली माणसं जमली. दादा सदरा बदलून आत आले आणि हळूच म्हणाले, "दक्षा, हेडफोन लावलास ना? दार ओढून घे."

दक्षाने मागच्या खोलीत जाऊन मनिषचं तोंड पुसलं, त्याला लग्नात घालायचा शर्ट घातला. मनिषने विचारलं, "कुठे?"

"सामना बघायला."

"दादा... ओरडतील."

"ओरडू देत. तुला आवाजाची सवय आहे."

माजघरातून कणगीशेजारून खुर्ची जाईना, म्हणून ती मागच्या दाराने अंगणात उतरली, घराला वळसा घातला आणि पुढच्या दाराने, जिथून पाहुणे येतात तिथून, खुर्ची वर घ्यायला लागली. पायऱ्या दोन होत्या. लडक्याने बघितलं, तो चटईवरून उठला आणि न विचारता पुढची चाकं धरली.

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. टीव्हीवर कॉमेंट्रीवाला एकटाच ओरडत होता.

"दक्षा," दादा दाताखालून म्हणाले, "आज नको."

"आजच," दक्षा म्हणाली. "उद्या सामना नाही."

"पाहुणे आहेत गं!"

"दिसतायत ना. या पाहुण्यांना कळायला नको, आपल्या घरात माणसं किती आहेत ते? सुपारी झाल्यावर एक जास्तीचा निघाला तर ती फसवणूक होईल."

निलम चहाचे कप गोळा करत होती. तिने बापाकडे बघितलं, दक्षाकडे बघितलं, आणि मधली टीपॉय पायाने बाजूला सारली. खुर्ची पुढे आली, आपल्या जुन्या जागी. भारतीबाईंनी पदर आवरून घेतला आणि जरा सरकून बसल्या. दक्षाने ते पाहिलं. या पोरीचं पुन्हा मोडलं तर काय तोंड दाखवशील, असं आतून कुणीतरी विचारत होतं. पण तिने खुर्चीच्या मुठी सोडल्या नाहीत.

"हा कोण?" जिव्याभाऊंनी विचारलं.

तिने उत्तर दिलं नाही. मनिषला वेळ लागणार होता, आणि तो वेळ आज सगळ्यांनी द्यायचा होता.

"मी... मनिष," मनिष म्हणाला. "निलमचा... भाऊ. तुम्ही... कुणाच्या बाजूने?"

"गुजरातच्या. आमच्या घरापासून बॉर्डर जवळ आहे ना."

"मग... हरलात. तुमचा डावा कोपरा... झोपलाय."

"काय म्हणतो?" जिव्याभाऊंनी लडक्याकडे पाहिलं.

"म्हणतो, तुमचा डाव्या कोपऱ्यातला गडी झोपलाय. आता बाद होणार."

सगळ्यांच्या नजरा पडद्यावर गेल्या. चढाईपटू आत आला, डावीकडे झुकला, आणि त्याच डाव्या कोपऱ्याने त्याचा घोटा असा धरला की तो तोंडावर आपटला. जिव्याभाऊंनी मांडीवर थाप मारली. "झोपलाय? हा झोपलाय?" आणि सगळा हॉल मनिषवर तुटून पडला. "काय रे पंच! गंज चढला काय? मागे बसून डोळे गेले काय रे तुझे!" मनिष खिदळत होता, खुर्ची हलत होती, लाळ शर्टावर आली होती. दक्षाने ती लगेच पुसली नाही.

दादा मात्र लालबुंद झाले होते. "पुरे आता," ते म्हणाले. "बघितलंस ना थोडं? त्याला आत ने. लोकांना त्रास होतो."

"कुणाला?" दक्षाने आवाज चढवला नाही. "ज्यांना त्रास होतो त्यांनी आत जाऊन बसावं. आत सगळी सोय आहे, दादा. वारा चांगला येतो. टॅब तुम्हीच आणलाय, चित्र स्वच्छ दिसतं. थोडं मागून दिसतं, एवढंच."

बायजी दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. हसली की काय, कळलं नाही. दादांनी एकदा सगळ्यांकडे बघितलं. कुणी त्यांच्या बाजूने बोललं नाही आणि कुणी त्यांना बसा असंही म्हणालं नाही. मग ते तरातरा उठले आणि खरोखरच आत गेले. कणगीपलीकडे खाट करकरलेली ऐकू आली.

सामना शेवटाला आला. बरोबरी. करो या मरोची चढाई. चढाईपटू रेषेकडे झेपावला, तीन जण अंगावर पडले, बोटं रेषेला लागली की नाही, आणि हॉलभर एकच कल्लोळ उठला. मनिषची आरोळी त्या कल्लोळात होती, वेगळी ओळखू येत नव्हती. लागली होती बोटं.

कल्लोळ विरला. सगळे श्वास घेत होते. आणि मग कणगीच्या पलीकडून, मागच्या खोलीतून, एकट्या दादांची आरोळी आली, "ए मारली रे!"

क्षणभर कुणालाच काही समजलं नाही. आधी मनिषला समजलं. तो इतका हसला की त्याचा श्वास अडकला, मग लडक्या हसला, मग निलम, मग जिव्याभाऊ पोट धरून. भारतीबाईंनी विचारलं, "आतले दादा एवढे उशिरा का ओरडले?" आणि निलम त्यांना शेजारी बसून सगळं समजावून सांगायला लागली. भारतीबाईंनी ऐकता ऐकता खुर्चीकडे एकदा बघितलं. त्या काय ठरवणार, सुपारीचं पुढे काय होणार, हे त्यांच्या तोंडावरून काही कळत नव्हतं.

थोड्या वेळाने दादा माजघराच्या दारात येऊन उभे राहिले. हातात टॅब तसाच होता. पडद्यावर बक्षीस समारंभाआधीच्या जाहिराती लागल्या होत्या. त्यांना बसायला जागा उरली नव्हती.

"दादा... इथे," मनिष म्हणाला आणि त्याने हात खुर्चीशेजारच्या चटईकडे नेला. हात तिथपर्यंत पोचायला वेळ लागला.

दादा थांबले. हात पोचला तेव्हा ते येऊन बसले. "सरक जरा," ते लडक्याला म्हणाले, आणि दक्षाकडे न बघता विचारलं, "किती झाले?"

दक्षाने मनिषच्या हनुवटीवरची लाळ पुसली. "पंचाला विचारा," ती म्हणाली.